साक्षीदार गप्प राहिला तरी टिकेल असा तपास

मानवी तस्करीची फाइल टेबलावर आली की मी पहिलं पान वाचत नाही. आधी साक्षीदारांची यादी काढते. यादीत पीडित व्यक्ती एक आणि बाकी सगळे पोलीस नि पंच, असं दिसलं की शेवट काय होणार ते साधारण कळतं. खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात. तोवर ती व्यक्ती एकतर घरी परतलेली असते, नाहीतर तिच्या घरच्यांपर्यंत कुणीतरी पोचलेलं असतं, नाहीतर तिला ते सगळं पुन्हा उगाळायचंच नसतं. कोर्टात आलीच, तर बचावाचा वकील तिला चार प्रश्न विचारतो. फोन तुमच्याकडेच होता ना? दाराला कुलूप नव्हतं ना? घरी पैसे पाठवत होतात ना? पहिल्या जबाबात तुम्हीच म्हणालात ना, की मी स्वखुशीनं आले? चारही प्रश्नांचं खरं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असतं. चार वेळा ‘हो’ म्हणून ती खाली उतरते आणि आरोपी सुटतो.

असे खटले मी सरकारी वकील म्हणून चालवले. आता तपास अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात बोलते. ज्यांच्या हाती असं पहिलंच प्रकरण आलं आहे, त्यांच्यासाठी हे टिपण. कलमं देशागणिक बदलतात, अडचणी मात्र सगळीकडे त्याच. माझं मागणं एवढंच, की खटला एका माणसाच्या जबाबावर टांगू नका. जबाब मिळाला तर उत्तमच. पण तो फाइलमधून काढून बाजूला ठेवला, तरी उरलेली फाइल उभी राहिली पाहिजे.

आधी तीन रकाने आखा

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: काय केलं, कशाच्या जोरावर केलं, कशासाठी केलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १५ नोव्हेंबर २००० रोजी स्वीकारलेला आणि २५ डिसेंबर २००३ पासून लागू झालेला मानवी तस्करीविषयीचा पालेर्मो प्रोटोकॉल याच तीन रकान्यांत बसतो. अनेक देशांचे कायदे त्याच्यावरूनच बेतलेले आहेत. पहिल्या रकान्यात भरती, ने-आण, हवाली करणं, ठेवून घेणं, ताब्यात घेणं. दुसऱ्यात धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा किंवा अगतिकतेचा गैरफायदा, आणि ज्याच्या मुठीत ती व्यक्ती आहे त्याला पैसे चारून मिळवलेली संमती. तिसऱ्यात शोषण: लैंगिक, सक्तीची मजुरी, गुलामी, अवयव काढून घेणं.

हे पान प्रत्येक आरोपीसाठी वेगळं करा. टोळीत भरती करणारा एक, गाडीवाला दुसरा, खोली देणारा तिसरा, पैसे गोळा करणारा चौथा. प्रत्येक जण म्हणणार, ‘साहेब, मी फक्त गाडी चालवली.’ त्याला तिसरा रकाना ठाऊक होता, हे दाखवायची जबाबदारी तुमची. त्याच रस्त्यावर वारंवार फेऱ्या, नेहमीच्या भाड्यापेक्षा भरपूर जास्त पैसे, प्रवाशांचे पासपोर्ट त्याच्या डिकीत, उतरवून घेणाऱ्याला केलेले फोन अशा बारीक गोष्टींतून ते ज्ञान उभं राहतं. एकाच गोषवाऱ्यात सात आरोपी कोंबलेली फाइल आली की मी ती परत पाठवते.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल, तर दुसरा रकाना कोरा राहिला तरी चालतो. म्हणून वयाचा पुरावा पहिल्याच दिवशी मागवायला घ्या. आणि दुसरा रकाना सिद्ध झाला, तर ‘तिनं हो म्हटलं होतं’ या बचावाला त्या व्याख्येत जागा नाही.

सीमा ओलांडलेली असावीच लागते, हा गैरसमज अजूनही चिवट आहे. तशी काही गरज नाही. माणसांना पैसे घेऊन चोरून सीमेपार पोचवणं हा वेगळा गुन्हा, त्याला वेगळा प्रोटोकॉल आहे. तिथे मुक्कामाला पोचलं की व्यवहार संपतो. इथे खरा व्यवहार पोचल्यावर सुरू होतो. अडचण अशी, की एकाचं दुसऱ्यात रूपांतर वाटेत होतं. प्रवासाचे पैसे थकले म्हणून माणूस कामाला जुंपला जातो. त्यामुळे ‘बेकायदा स्थलांतरित’ असा शेरा मारून पहिल्या दिवशीच फाइल मिटवू नका.

पहिली रात्र

ठाण्यात रात्री कोण येतं आणि त्याच्यासोबत कोण येतं, ते पाहा. सोबतचा माणूसच सगळं बोलतोय, कागदपत्रं त्याच्याच खिशात आहेत, तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. साधी गोष्ट, पण न केल्यानं काय होतं त्याचा दाखला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या २०१० च्या रांत्सेव्ह निकालात आहे. रशियातून सायप्रसला कॅबरेत काम करायला गेलेली एक तरुणी काम सोडून निघून गेली. मार्च २००१ मध्ये तिच्या मॅनेजरनंच तिला पकडून पोलीस ठाण्यात आणलं, हिला देशाबाहेर काढा म्हणाला. पोलिसांनी नोंदी तपासल्या, ती बेकायदा राहत नव्हती. मग त्यांनी काय करावं? मॅनेजरलाच सांगितलं, घेऊन जा. काही तासांत एका इमारतीखाली रस्त्यावर तिचा मृतदेह सापडला. न्यायालयानं सायप्रसला जबाबदार धरलं. ज्यानं आणलं त्याच्याच हाती परत देऊ नका, ही सूचना ठाणे अंमलदाराच्या टेबलावर चिकटवून ठेवावी इतकी साधी आहे.

उलटी बाजू अशी, की पीडित व्यक्ती अनेकदा आरोपी म्हणूनच समोर येते. ब्रिटनमध्ये गांजाची लागवड चालणाऱ्या घरांत व्हिएतनामची अल्पवयीन मुलं सापडली. त्यांना झाडांची निगा राखायला आत ठेवलेलं होतं. त्यांच्यावरच खटले झाले, शिक्षा झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच युरोपीय न्यायालयानं हे चुकीचं ठरवलं: तस्करीची शंका घेण्याजोगी चिन्हं होती, तर आरोप ठेवण्याआधी त्यांची नीट तपासणी व्हायला हवी होती. तेव्हा खोटा पासपोर्ट, अंमली पदार्थांची ने-आण, पाकीटमारी, देहविक्री, ऑनलाइन फसवणूक अशा गुन्ह्यांत पकडलेला माणूस समोर असला, की एक प्रश्न आधी विचारा: यातला पैसा याच्याकडे राहिला का? राहिला नसेल, तर कुणाकडे गेला?

पहिला जबाब लहान ठेवा. नाव, तब्येत, जीवाला धोका, आत अजून कोण आहे, बस्स. सविस्तर कहाणी त्या रात्री काढू नका. भेदरलेला, झोप नसलेला माणूस तारखा उलटसुलट सांगतो. तुम्ही त्या इमानेइतबारे लिहून घेता. आणि पुढे प्रत्येक विसंगती बचावाच्या वकिलाला आयती मिळते. चौथ्या प्रश्नाचा जन्म याच रात्री होतो. ‘मी स्वखुशीनं आले’ हे वाक्य त्या रात्री जवळजवळ सगळेच म्हणतात, कारण तेच म्हणायला त्यांना शिकवलेलं असतं. ते आलं तर लिहून घ्या, दडवू नका. पण तेव्हा खोलीत कोण होतं, दुभाषी कोण होता, ती किती वेळ जागी होती, फोनवर कुणाचे किती मिस्ड कॉल होते, हेही त्याच कागदावर लिहा. मग ते वाक्य एकटं उरत नाही.

युरोप परिषदेच्या २००५ च्या तस्करीविरोधी करारानं पीडितांना सावरायला आणि विचार करायला किमान ३० दिवसांची मुदत देणं सदस्य देशांना बंधनकारक केलं आहे, आणि त्या काळात देशाबाहेर काढायला मनाई. तुमच्याकडे अशी तरतूद नसली तरी वरिष्ठांना सांगून सविस्तर जबाब लांबवता येतोच. नंतर बसाल तेव्हा तारखा विचारू नका. ‘पहिल्यांदा पैसे मिळाले तेव्हा कुठल्या खोलीत होतात?’ ‘फोन बदलला तेव्हा कुणाबरोबर राहत होतात?’ असं विचारा. तारीख नंतर फोनच्या नोंदीतून काढता येते, आणि ती नोंद उलटतपासणीत गडबडत नाही.

दुभाष्याबद्दल एक वेगळा परिच्छेद लिहिणं भाग आहे. त्याच भाषेचे, त्याच वस्तीतले लोक पटकन मिळतात आणि धोका तिथेच असतो. ती वस्ती छोटी असते. दुभाषी भरती करणाऱ्याचा नातेवाईकही निघू शकतो. दुसऱ्या शहरातला दुभाषी फोनवरून घ्या, आधी दोघांना दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलू द्या, पीडित व्यक्ती आखडली तर दुभाषी बदला. मूळ भाषेतलं बोलणं ध्वनिमुद्रित करा. कोर्टात अनुवादावर वाद झाला की मूळ आवाजच कामाला येतो.

दार उघडं होतं, मग गेली का नाही?

हा प्रश्न फक्त वकील विचारत नाहीत. न्यायाधीशही मनात विचारतात, आणि खरं सांगायचं तर कित्येक तपास अधिकारीही. त्याचं उत्तर फाइलमध्येच हवं.

ग्रीसमध्ये मानोलादा इथल्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत बांगलादेशी मजूर राबत होते. महिनोन्‌महिने मजुरी थकली होती. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी ती मागितली, तेव्हा रखवालदारांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ३० जण जखमी झाले. ग्रीक न्यायालयानं तस्करीचा आरोप फेटाळला. कारण? मजूर मोकळेपणी ये-जा करत होते, काम सोडून जाऊ शकत होते. ४२ मजूर युरोपीय न्यायालयात गेले आणि ३० मार्च २०१७ रोजी जिंकले. निकालाचा गाभा असा, की येण्या-जाण्याचं स्वातंत्र्य असलं म्हणून मजुरी सक्तीची नव्हती असं होत नाही. थकलेली मजुरी मिळेल या आशेनं माणूस थांबतो. गेला तर आधीची सगळी मेहनत बुडते, शिवाय कागदपत्रं नसल्यानं पकडले जाण्याची भीती आहेच.

म्हणून कुलूप शोधत बसू नका. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं सांगितली आहेत: अगतिकतेचा गैरफायदा, फसवणूक, हालचालींवर बंधन, एकटं पाडणं, शारीरिक वा लैंगिक हिंसा, धाकदपटशा, ओळखपत्रं काढून घेणं, मजुरी अडवून ठेवणं, कर्जाचा फास, राहण्याची-कामाची वाईट परिस्थिती, अवाजवी जादा काम. अकराही लागत नाहीत. पण जी दिसतील त्यांतल्या प्रत्येकीसमोर पीडितेच्या बोलण्याखेरीज एक पुरावा लिहा. ओळखपत्रं काढून घेतली? मग ती कुणाच्या कपाटात सापडली, त्याचा पंचनामा. एकटं पाडलं? जवळचा बस थांबा किती लांब, रस्त्यावर दिवे आहेत का, तिथली भाषा तिला येते का. जादा काम? फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण, वीजबिलं, माल उचलणाऱ्या गाड्यांच्या वेळा.

कर्जाची एक तयार कसोटी आहे, ती वापरा. गुलामीविरोधातल्या १९५६ च्या पूरक करारानं कर्जापोटी वेठ कशाला म्हणायचं ते सांगून ठेवलं आहे: केलेल्या कामाचं रास्त मोल कर्जातून वजा होत नसेल, किंवा कामाची मुदत नि स्वरूप ठरलेलंच नसेल. उचल किती, काम किती, वजा किती, हे एका पानावर मांडलं की न्यायाधीशाला पुढे समजावून सांगावं लागत नाही.

कधी कुलूप मनात असतं. नायजेरियाच्या एडो राज्यातून युरोपात नेलेल्या अनेक तरुणींकडून निघण्याआधी देवऋष्यासमोर शपथ घेतली जायची: पैसे फेडीन, नाव सांगणार नाही, नाहीतर मरेन. पोलिसांसमोर त्या तोंड उघडत नसत. मार्च २०१८ मध्ये नायजेरियातल्याच बेनिन राज्याचे पारंपरिक राजे, ओबा एवुआरे दुसरे, यांनी अशा शपथा जाहीरपणे रद्द केल्या आणि त्या घ्यायला लावणाऱ्यांनाच शाप दिला. युरोपातल्या पोलिसांकडे इतकी यंत्रं होती, त्यांतल्या एकालाही हे कुलूप उघडता आलं नव्हतं. ज्याच्या शब्दाला तिच्या लेखी वजन आहे असा माणूस शोधणं, हाही तपासाचाच भाग आहे.

पैसा हा न फुटणारा साक्षीदार

माझं आवडतं काम इथे सुरू होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अंदाजानुसार खासगी क्षेत्रातल्या सक्तीच्या मजुरीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो, आणि त्यातला जवळपास तीन चतुर्थांश लैंगिक शोषणातून. इतका पैसा हलतो, तर त्याच्या खुणा राहणारच. तरी माझ्याकडे येणाऱ्या कित्येक फाइलींत बँकेचा एकही कागद नसतो. छाप्याचे फोटो मात्र भरपूर.

कॅनडाच्या बँका आणि तिथली आर्थिक गुप्तवार्ता संस्था यांनी २०१६ मध्ये ‘प्रोजेक्ट प्रोटेक्ट’ सुरू केला. त्यांनी साधंच केलं: लैंगिक शोषणासाठी होणारी तस्करी खात्याच्या उताऱ्यात कशी दिसते याच्या खुणा गोळा केल्या आणि बँकेतल्या लोकांना त्या ओळखायला शिकवलं. या कामाला चालना मिळाली ती स्वतः तस्करीतून वाचलेल्या एका स्त्रीच्या आवाहनानं. पीडित व्यक्तीनं तक्रार द्यायची वाट न पाहता प्रकरणं समोर यायला लागली.

तुम्ही काय मागवायचं? तिकिटं कुठल्या कार्डावर काढली ते. एकाच कार्डावर वेगवेगळ्या आडनावांची एकेरी तिकिटं दिसली की थांबा. मजुरीची खाती: नावं दहा, पण मोबाइल नंबर एक, पत्ता एक. पगार जमा होतो आणि त्याच दिवशी पूर्ण निघतो. एकाच एटीएमवर काही मिनिटांच्या अंतरानं एकामागून एक वेगवेगळी कार्डं वापरली जातात. त्या वेळेचं कॅमेऱ्याचं चित्रण लगेच मागवा, कारण बँका ते फार काळ ठेवत नाहीत. चित्रणात दहाही वेळा एकच माणूस दिसला, तर तुमचं अर्धं काम झालं.

इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स पोलिसांच्या ‘ऑपरेशन फोर्ट’मध्ये असंच होतं. पोलंडहून गरजू, बेघर, कधी तुरुंगातून नुकतीच सुटलेली माणसं कामाचं आमिष दाखवून आणली जायची. त्यांच्या नावानं बँक खाती उघडली जायची आणि कार्डं टोळीकडे राहायची. मजुरी कायदेशीर कंपन्यांकडून कायदेशीर खात्यात जमा व्हायची; कागदावर सगळं निर्मळ. पीडितांची संख्या ४०० च्या वर असल्याचं पोलिसांनी सांगितलं. २०१९ मध्ये आठ जणांची टोळी दोषी ठरल्याचं जाहीर झालं. सगळ्या पीडितांना शोधून कोर्टात उभं करणं शक्यच नसतं. खाती मात्र सगळ्यांची मिळतात.

एक सावधगिरी. खातं ज्याच्या नावावर तो आरोपी, असं मानून सुरुवात करू नका. अशा प्रकरणात खातेदार बहुधा पीडितच असतो.

छाप्यात हमखास एक छोटी वही सापडते. नावं किंवा टोपणनावं, समोर आकडे, काही खोडलेले. माझ्या लेखी ती वही मुख्य साक्षीदार. जिथे सापडली तिथेच, जशी होती तशी फोटो काढा, मग पानं. हस्ताक्षराचे नमुने घ्या. वहीतले आकडे आणि फोनमधले हिशेबाचे संदेश तारखेनुसार शेजारी शेजारी लावा. ‘घरी पैसे पाठवत होतात ना?’ या प्रश्नाचं उत्तर या तक्त्यात असतं: कमाई एवढी, ‘खोलीभाडं’ एवढं, ‘दंड’ एवढा, ‘प्रवासाचं कर्ज’ एवढं, घरी गेले एवढे. शेवटचा आकडा इतका लहान असतो की प्रश्न विचारणाराच अडचणीत येतो.

जबाबांवर सगळा भार टाकला की काय होतं, हे अर्जेंटिनानं पाहिलं. २००२ मध्ये मारिता व्हेरॉन ही तरुणी बेपत्ता झाली. तिची आई सुसाना त्रिमार्को हिनं वर्षानुवर्षं स्वतः कुंटणखाने पालथे घातले, दुसऱ्यांच्या मुली सोडवल्या. खटल्यात मारिताला पाहिल्याचं सांगायला त्या नरकातून सुटलेल्या स्त्रिया आल्या. डिसेंबर २०१२ मध्ये १३ च्या १३ आरोपी निर्दोष सुटले. देशभर संताप उसळला आणि त्याच महिन्यात तिथला तस्करीविरोधी कायदा कडक झाला. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयानं १० जणांना दोषी ठरवलं. मारिता अजून सापडलेली नाही.

फोन

जप्त करताच विमान मोडवर टाका, दुरून पुसला जाऊ नये म्हणून. स्क्रीनचे फोटो काढून समाधान मानू नका. न्यायवैद्यक प्रत आणि तिचा हॅश, म्हणजे प्रतीत फेरफार झाला नाही हे दाखवणारा आकडा, हवाच. आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील तर मिनिटं मोजकी आहेत, हे धरून चाला.

फोन तिच्याकडेच होता, हे बचावाला वाटतं तितकं त्यांच्या बाजूचं नाही. सिम कुणाच्या नावावर? थेट ठिकाण कुणाला दिसत होतं? तिचं खातं आणखी कुठल्या फोनवर उघडलेलं होतं? ‘आत्ता फोटो पाठव’ असे संदेश दिवसातून किती वेळा? हे काढलं की तोच फोन बेडी ठरतो.

परदेशी कंपनीकडे असलेला मजकूर मिळायला महिने लागतात. पण तो पुसू नका, जपून ठेवा, एवढी विनंती लगेच करता येते. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात असा डेटा ९० दिवसांपर्यंत जपून ठेवण्याची आणि त्यासाठी सदस्य देशांनी चोवीस तास चालणारा संपर्कबिंदू ठेवण्याची तरतूद आहे. मुदतीची तारीख फाइलच्या वरच लिहा आणि संपायच्या आत वाढवून घ्या. कितीतरी चांगले पुरावे ९१व्या दिवशी मेले आहेत.

गेल्या काही वर्षांत फोनची बाजू उलटीपालटी झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं, की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना डांबून ऑनलाइन फसवणूक करायला लावली जात असावी. हे लोक शिकलेले आहेत, संगणक जाणतात, भाषा जाणतात. चांगल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून विमानानं गेलेले. त्यांच्या फोनमध्ये सापडतो तो दुसऱ्यांना लुबाडल्याचा पुरावा. फसवले गेलेले तक्रारदार तुमच्यावर दबाव आणतात, आणि त्यांचंही चूक नसतं. इथे पुन्हा तोच प्रश्न: लुटीतला वाटा याच्याकडे आला का? रोजचं ‘टार्गेट’ कुणी ठरवलं, चुकल्यावर काय झालं, सुटकेसाठी घरच्यांकडे खंडणी मागितली का? खंडणीची रक्कम कुठल्या क्रिप्टो पत्त्यावर गेली, तो पत्ता मिळाला तर मालकापर्यंतचा धागा त्या फोनमधल्या हजार संदेशांपेक्षा मोलाचा.

हद्दीबाहेरचं

भरती एका देशात, शोषण दुसऱ्यात, पैसा तिसऱ्यात. औपचारिक कायदेशीर मदतीची विनंती पाठवली की उत्तर यायला इतका वेळ लागतो, की तोवर टोळी नाव बदलून दुसरीकडे दुकान मांडते. विनंती टाळता येत नाही, कारण कोर्टात चालणारा कागद त्याच वाटेनं येतो. पण त्याआधी पोलिसांनी पोलिसांशी बोलावं: काय आहे, कुठे आहे, कुणाकडे मागायचं. मग औपचारिक पत्रात नेमकं तेवढंच मागा. ‘आरोपीसंबंधी सर्व माहिती’ असं लिहिलेलं पत्र धूळ खात पडतं. मोठ्या प्रकरणात संयुक्त तपास पथक उभारता येतं; पालेर्मो प्रोटोकॉल ज्याला जोडलेला आहे त्या संघटित गुन्हेगारीविरोधातल्या २००० च्या संयुक्त राष्ट्र करारात त्याची सोय आहे, आणि ती फारच कमी वापरली जाते.

आतला माणूस

छापा घातला आणि घर रिकामं सापडलं, असं एकदा होऊ शकतं. दर वेळी होत असेल तर बातमी तुमच्या इमारतीतून जाते आहे. माहिती असणाऱ्यांची यादी लेखी ठेवा, छोटी ठेवा, छाप्याचा पत्ता निघताना सांगा.

थायलंडचं प्रकरण मी प्रत्येक वर्गात सांगते. २०१५ च्या सुरुवातीला नाक्यावर रोहिंग्यांनी खच्चून भरलेल्या गाड्या अडवल्या गेल्या. फोन आणि बँकेतल्या रकमांवरून माग निघत गेला. मे २०१५ मध्ये मलेशियाच्या सीमेलगतच्या जंगलात छावण्या आणि थडगी सापडली. जुलै २०१७ मध्ये ६२ जण दोषी ठरले. त्यांत लेफ्टनंट जनरल मानस कोंगपान होते, त्यांना २७ वर्षांची शिक्षा झाली. सेनाधिकाऱ्यापर्यंत पोचणारा तपास क्वचितच होतो. पण तपासाचे प्रमुख, पोलीस मेजर जनरल पवीण पोंगसिरिन, यांना निकालाच्या आधीच जीवाच्या भीतीनं देश सोडून ऑस्ट्रेलियात आश्रय मागावा लागला. साक्षीदाराच्या संरक्षणाची योजना आखताना तपास अधिकाऱ्याचं नावही त्या योजनेत घाला. वरिष्ठ हसले तर हसू द्या.

वरिष्ठांवरून आठवलं. महिन्याला किती छापे, किती सुटका, हे आकडे वर जातात. किती आरोपी दोषी ठरले हे कुणी विचारत नाही, कारण तोवर बदली झालेली असते. त्यामुळे घाईचा छापा पडतो, दरवाजावरचा माणूस सापडतो, मालक सापडत नाही. आत कुणाचा जीव धोक्यात असेल किंवा अल्पवयीन मूल असेल, तर एक क्षणही थांबू नका, पुरावा गेला तरी चालेल. तसं नसेल, तर पैशाचा माग लागेपर्यंत वरिष्ठांकडून लेखी मुदत मागा. तोंडी मागितलेली मुदत पत्रकार परिषदेच्या आदल्या दिवशी रद्द होते.

दोषारोपपत्राबरोबर काय जोडाल

तीन रकान्यांची पानं, आरोपीगणिक. लक्षणांचा तक्ता, प्रत्येकासमोर जबाबाखेरीजचा पुरावा. पैशाचा तक्ता. मग जबाब.

पीडित व्यक्तीला प्रत्येक तारीख कळवणारा एक ठरावीक माणूस नेमा, त्याचा नंबर तिच्याकडे द्या. तपास अधिकारी बदलला तरी हा नंबर बदलू नये. तारखा वर्तमानपत्रातून कळलेला साक्षीदार कोर्टात येत नाही.

आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब आत्ताच करा: किती महिने, किती तास, किती दर, किती वजावट. आरोपीची खाती, गाडी, घर गोठवण्याचा अर्ज अटकेच्या दिवशीच द्या. भरपाईचा आदेश मिळेलही, पण शिक्षेच्या दिवशी रक्कम शोधायला निघालात, तर खात्यात बँकेचं किमान शिल्लक तेवढं उरलेलं असतं.